उष्टावणाचा मामा

गळ्यात स्टेथोस्कोप लटकवलेले डॉक्टर सगळ्यांनी पाहिलेले असतात. आमच्या डॉक्टरांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं पितळेचं एक कडं असे. तान्ह्या पोराच्या हातात चढेल एवढं. त्याला नक्षी नव्हती, घुंगरू नव्हतं. रामदासपेठेतले त्यांचे शेजारी त्यांना चक्रम म्हणत. गांधीबागेच्या मागच्या विणकर वस्तीत त्यांना मामा म्हणत. दोन्ही हाकांना ते सारख्याच तुसडेपणानं ओ देत.

त्यांच्यावर लिही, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. त्यांना काय हवं आहे ते मला ठाऊक आहे. सेवाभावी, निःस्वार्थी, दीनांचा कैवारी. तसलं मी लिहिणार नाही. डॉक्टर तापट होते, हट्टी होते, आणि त्यांनी जे केलं ते पुरलं नाही. का पुरलं नाही, ते सांगायला मी बसले आहे.

सात-आठ वर्षांपूर्वीची, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी कॉलेज अर्धवट टाकून एका संघटनेत शिरले होते. संघटना म्हणजे आम्ही पाच-सहा जण, पत्रकं छापायचं एक सायक्लोस्टाइल मशीन आणि भरपूर संताप. मशीन ठेवायला जागा नव्हती. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या या डॉक्टरांच्या बंगल्यामागे मोटारीची खोली रिकामी पडली होती, कारण मोटार त्यांनी कधी घेतलीच नाही. मी खोली मागायला गेले. त्यांनी मला दारातच उभं ठेवलं आणि माझ्या हातातलं ताजं पत्रक काढून घेऊन वाचलं. विषय मुलांच्या उपासमारीचा होता. मीच लिहिलं होतं.

"'नराधम' पानभर आहे," ते म्हणाले. "'वरण' कुठं आहे?"

"म्हणजे?"

"पोरांच्या भुकेवर एवढं लिहिलंस. त्यांच्या तोंडात काय घालायचं ते एका ओळीत तरी? ज्या बाईच्या हातात हा कागद देशील ती नराधमाला कुठं शोधत फिरेल? वरण निदान तिच्या चुलीवर असतं."

"तिच्या चुलीवर वरण नसतं, म्हणून तर पत्रक आहे!"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "हे बरोबर बोललीस. खोली घे. व्हरांड्यात शाई सांडायची नाही."

त्या दिवसापासून मी 'पत्रकवाली' झाले. माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही.

वस्तीत ते सायकलवर जात. पहिल्या मागाचा खटखटाट ऐकू आला की उतरून सायकल हातात धरून चालत. घरात शिरले की बाळाकडे बघायचे नाहीत. आधी आईकडे वळायचे.

"आज तू काय खाल्लं वं?"

"लेकराले पाहा ना मामा. मले काय धाड भरली?"

"लेकरू मले दिसून राहिलं. तुले विचारून राहिलो."

"जे उरलं ते खाल्लं."

"अन् उरलं काय?"

इथं प्रत्येक बाई हसायची आणि पदर तोंडाला लावून कोपऱ्यात बघायची. डॉक्टर हसायचे नाहीत. नवऱ्याला, सासऱ्याला, दिराला, पाहुण्याला वाढून झाल्यावर पातेल्याच्या बुडाशी जे चिकटलेलं असायचं त्याच्यावर दूध तयार होणार, आणि त्या दुधावर पोर. "घरात सगळ्यात शेवटी जेवणारीच्या अंगावर सगळ्यात भुकेला माणूस सोडलाय," असं ते म्हणत, आणि ते एवढ्या मोठ्यानं म्हणत की मागावर बसलेल्या नवऱ्याचा हात थांबायचा.

मला राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. मला एक गुन्हेगार हवा होता. पत्रकाला एकच गुन्हेगार लागतो. मालक, दलाल, नगरसेवक, कोणीही चालेल, पण एक. डॉक्टर तो द्यायला तयार नसत. एकदा एका दीड वर्षाच्या पोराकडे बोट दाखवून मी त्यांना धारेवर धरलं. पोर बसतं पण उभं राहत नव्हतं. हे कोणी केलं ते सांगा, म्हटलं, मी उद्या त्याचं नाव छापते.

"लिहून घे," ते म्हणाले. "याच्या आईचं लग्न झालं तेव्हा तीच अजून वाढत होती. मग एका भाकरीवर ती अन् पोटातलं पोर, दोघांनी वाढायचं. म्हणून हा जन्मलाच बारीक. जन्मल्यावर चीक वाईट म्हणून सुईणीनं पहिलं दूध पिळून मातीत टाकलं आणि याला गुळाचं पाणी पाजलं. मग ही मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसली, कारण कांड्या भरल्या नाहीत तर माग बंद. हा झोळीत रडत राहिला. मग पाणी. हापसा बघितलास? त्याच्या पायाशीच उघडी, कच्ची नाली. मग हगवण. हगवण झाली म्हणून खाणं बंद. हगवण थांबली तोवर खोकला. खोकला गेला तोवर पोटात दुसरं. आता छाप एक नाव."

मी वही मिटली.

"एक जण मारत नाही गं," ते जरा खालच्या आवाजात म्हणाले. "सगळे थोडं थोडं खुडतात."

मला ते तेव्हा पळवाट वाटलं. अजूनही अर्धी पळवाट वाटते. नाली कोणी बांधली नाही, ते नाव मला ठाऊक होतं आणि मी ते पुढच्या आठवड्यात छापलं. डॉक्टरांनी पत्रक वाचून फक्त एवढंच म्हटलं, "वरण आलं बरं का यात."

कड्याची गोष्ट अशी. नोकरीत असताना ते मुलांचं वजन घ्यायला वस्तीत तागडी घेऊन गेले होते. बायांनी दारं लावून घेतली. तागडीत मिरची घालतात, सूत घालतात. लेकरू घातलं की त्याला दृष्ट लागते. एक म्हातारी तर म्हणाली, "आमचं पोट्टं काय इकायचं हाय?" डॉक्टर परत आले आणि पितळेची भांडी घडवणाऱ्या ठठेऱ्याकडून हे कडं बनवून घेतलं. बाळाच्या हातात कडं घालायला कोण नाही म्हणेल? उलट हात पुढे करतात. धडधाकट मुलाच्या हातात ते कोपराच्या खालीच अडकायचं. उपाशी मुलाच्या हातावरून ते कोपर ओलांडून वर जायचं. मग डॉक्टर ते हळूच उतरवून घ्यायचे आणि चेहरा अजिबात बदलू द्यायचे नाहीत. त्यांचा चेहरा बदलला नाही की मी समजायचे.

रामदासपेठेत त्यांना कोणी आपणहून बोलवत नसे. एकदा मात्र एका क्लबानं सुदृढ बालक स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावलं. बक्षीस म्हणून दुधाच्या भुकटीचे डबे मांडले होते, फीत बांधून. गुबगुबीत, पावडर लावलेली बाळं रांगेनं आयांच्या मांडीवर बसली होती. डॉक्टरांनी प्रत्येकाच्या हातात कडं घालून पाहिलं. एकाच्याही मनगटाच्या वर सरकेना. मग ते बाहेर गेले. सगळ्यांना वाटलं लघवीला गेले. ते पायऱ्यांवर गेले होते. तिथं या बाळांना सांभाळणाऱ्या मोलकरणी बसल्या होत्या, स्वतःची पोरं घरी टाकून. त्यातली एक आपलं पोर पोटाशी घेऊन आली होती. डॉक्टर तिला पोरासकट आत घेऊन आले, तिच्या पोराच्या हातात कडं घातलं, आणि ते थेट काखेत जाऊन बसलं.

"निकाल सांगतो," ते म्हणाले. "या स्पर्धेत बाळं उतरलेलीच नाहीत. घरं उतरली आहेत. बक्षीस घराला द्यायचं असेल तर घरमालकांना पुढे बोलवा."

त्यानंतर त्या बाईची नोकरी गेली. हे मी मुद्दाम लिहिते आहे. डॉक्टरांचे भक्त ही गोष्ट सांगताना टाळ्यांपाशी थांबतात. टाळ्या कोणी वाजवल्या नव्हत्या. डॉक्टर आठवडाभर त्या बाईसाठी दारोदार दुसरं काम शोधत फिरले. ज्यांच्या दारात फिरले त्या सगळ्यांना ती स्पर्धा ठाऊक होती.

आता मामा होण्याबद्दल.

बाळाला पहिला घास मामानं भरवायचा. बाळाला मांडीवर घ्यायचं, वाटी-चमचा द्यायचा, खीर चाटवायची. उष्टावण झालं की पोर अन्नाला लागलं. गोड रीत आहे, माझंही तसंच झालं होतं. पण मामा आला नाही तर? मामा मेला असेल, जेलात असेल, मुंबईला गिरणीत असेल, रुसला असेल. मग उष्टावण होत नाही. उष्टावण नाही तर अन्न नाही. सहा महिने होतात, आठ होतात, वर्ष होतं, पोर नुसतं आईच्या अंगावर, आणि आई काय खाते ते वर सांगितलं आहे.

डॉक्टरांना हे कळलं तेव्हा त्यांनी भाषण दिलं नाही. मी दिलं असतं. ते सरळ बाजारातून वाटी-चमचा घेऊन गेले, मामा मेलेल्या एका घरात मांडी घालून बसले आणि म्हणाले, "आण वं ताई, माझ्या भाच्याले." पुढं त्यांच्या बहिणी वाढत गेल्या. आणि या उष्टावणात त्यांनी आपले नियम घुसवले. भाच्याला खीर भरवल्यावर बहिणीनं त्याच ठिकाणी, मामाच्या समोर, पोटभर जेवायचं. मामाच्या नावानं रोज दोनदा घट्ट वरण-भात कालवून पोराला द्यायचा, वरून तेल सोडायचं. न दिल्यास मामाला दोष लागतो.

मी चिडले. "तुम्ही डॉक्टर आहात. अंधश्रद्धा पसरवता?"

"नवी आहे," ते म्हणाले. "जुनीपेक्षा हिच्यात वरण जास्त आहे."

"आणि कोणी शास्त्राचा आधार विचारला तर?"

"अजून तरी कोणा बाईनं विचारला नाही. पुरुष विचारतात, त्यांना मी सांगतो काशीला विचारा."

लोक म्हणत, यांची एक बहीण असेल, तिचं मूल गेलं असेल, म्हणून हे. मी एकदा विचारलं. ते शेंगदाणे खात होते. "बहीण आहे ना, इंदूरला," ते म्हणाले. "मूल नाही तिला." मी वाट पाहिली. "मग काय? मामा व्हायचं राहिलं." आणि पुन्हा शेंगदाणे खायला लागले. याच्यापेक्षा जास्त काही असेल तर ते मला माहीत नाही, आणि मी ते रचणार नाही.

शकुनची गोष्ट सांगते. मला खरं तर तेवढीच सांगायची होती.

शकुन विणकराची बायको. तिला एक मुलगी होती, तिला सगळे बेबी म्हणत. आम्ही गेलो तेव्हा बेबीला दहावा महिना लागला होता. शकुनला पुन्हा दिवस गेले होते. गरोदर बाईचं दूध पोराला बाधतं म्हणून सासूनं अंगावरचं तोडलं होतं. बेबी पाणी घातलेल्या चहावर आणि पाणी घातलेल्या दुधावर होती. उष्टावण झालं नव्हतं.

"मामा नाही?" डॉक्टरांनी पिशवीतून वाटी काढत विचारलं.

सासू ओट्यावरून एकदम उठली. "मामा हाय! जिता हाय भिवापुरात! तुमी ते वाटी आत ठेवा आधी."

"येत नाही का तो?"

"काहून येईल? बारशाले आला, बहिणीले लुगडं आणलं, मले चोळीखण नाही. म्या दोन शब्द बोलली त रागानं ताटावरून उठून गेला. आता म्हणते, बलावल्याशिवाय पाय ठेवत नाही. आमी काहून बलावू? पोराकडचे हाव आमी."

"मग तोवर मी बसतो ना मामा म्हणून."

"नाही जी." तिनं हात जोडले, पण डोळे कडक होते. "साऱ्या वस्तीले मालूम हाय, तुमी कोठं बसता ते. जेथं मामा मेला तेथं तुमी बसता. तुमी बसले म्हणजे आमी शकुनच्या भावाले जितेपणी मारलं. माह्या दारात ते नको."

डॉक्टरांचा हात वाटीवर तसाच राहिला. इतक्या घरांतून त्यांनी मामा होऊन पोरं अन्नाला लावली होती, आणि त्यानंच हे दार बंद झालं होतं. त्यांचं येणं म्हणजे मामाचं मरण, असा अर्थ वस्तीनं कधीच लावून ठेवला होता. त्यांना तो त्या दिवशी कळला. त्यांनी वाटी पिशवीत टाकली, बेबीच्या हातात कडं घातलं, उतरवलं. चेहरा बदलला नाही.

निघताना ते शकुनला हापशापाशी गाठून म्हणाले, "चोरून भरव. वरणातलं घट्ट घे, बोटावर घे. पाणी उकळून घे फक्त."

"उकळाले चुलीत घालाले काड्या?" शकुन म्हणाली. "सासूबाई मोजून देतात जी मले काड्या."

तरी तिनं भरवलं. दोन-तीन दिवस सासू बाजारात गेली की भरवलं. मग बेबीला हगवण लागली. पाण्यानं लागली, हे मला कळतं, तुम्हाला कळतं. शकुनला एवढंच कळलं की आपण चोरून घास दिला आणि देवानं पाहिलं. तिनं बंद केलं. डॉक्टरांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून पाजून पोर ओढून काढलं. पण त्यानंतर शकुन त्यांच्याकडे बघेना.

"चल," एका सकाळी डॉक्टर मला म्हणाले. "भिवापूरला जायचं. रुसलेला मामा आणायचा."

"मी पत्रक काढते," मी म्हणाले. "रुसव्यापायी पोरीचा जीव घेणारं—"

"काढ. गाडीत बसून लिही."

छोट्या लायनीच्या, नॅरोगेज गाडीनं आम्ही गेलो. मार्गशीर्ष सरत आला होता. उमरेड गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "वजन रुसतं, समजूत काढली की परत येतं. उंचीचं तसं नसतं."

शकुनचा भाऊ एका व्यापाऱ्याच्या खळ्यात मिरची निवडायला होता. जिकडे बघावं तिकडे लाल. आम्ही फाटकापाशीच खोकायला लागलो. तो हसला. काळा, रुंद, बोटं लाल झालेली. बाजूला त्याची बायको देठं खुडत होती आणि तिच्या शेजारी पोत्यावर तिचं पोर बसलं होतं.

"तुम्ही कोन गा?" डॉक्टरांच्या पांढऱ्या केसांकडे बघून त्यानं पुढे जोडलं, "जी?"

"मी? तुझ्या जागी बसणारा मामा."

तो उभा राहिला. "माह्या जागी? म्या मेलो काय?"

"तेच विचारायला आलो. तुझ्या भाचीचं उष्टावण राहिलं."

"मले कोनी बलावलं?"

"मी बलावून राहिलो."

"तुमी कोन बलावणारे? त्या बुढीनं बलावलं पाहिजे. म्या ताटावरून उठलो जी. ताटावरून! कुत्र्यालेबी कोणी तसं उठवत नाही."

डॉक्टरांनी वाद घातला नाही. गळ्यातलं कडं काढून ते पोत्यावरच्या पोराजवळ उकिडवे बसले आणि त्याच्या हातात घातलं. ते मनगटाच्या जरा वर जाऊन थांबलं. पोर त्याला चावायला लागलं.

"केवढा आहे हा?"

"बेबीच्या मागचा हाय. दोन महिन्यांनी लहान."

"हे कडं बेबीच्या इथं जाते," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या काखेत बोट ठेवलं.

बायकोचे हात थांबले. तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "जा ना गा. काय बायकांसारखं धरून बसला?" मला त्या वाक्यावर एरवी पत्रक काढावंसं वाटलं असतं. त्या दिवशी मी वही पिशवीतच ठेवली.

"एवढी मिरची उचलू द्या," तो म्हणाला. "ढग आले तर शेठ मले सोडणार नाही. झाली की येतो."

आणि तो आला. शब्दाचा पक्का निघाला. बोलावणं नसताना, शकुनच्या सासूसाठी लुगडं घेऊन, मान खाली घालून दारात उभा राहिला. डॉक्टर आणि मी तिथंच होतो. मला वाटलं, सुटलं.

सासूनं लुगड्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "आता आला? पौष लागला कालपासून. पौषात उष्टावण करते का कोनी?"

मी किंचाळलेच. डॉक्टरांनी माझा दंड धरला आणि तिला म्हणाले, "मामा बाहेरगावचा असला तर पौषात चालते, बाई. रीतच आहे तशी." त्यांनी ती तिथल्या तिथे रचली होती. आजवर त्यांच्या सगळ्या रीती खपल्या होत्या. ही खपली नाही.

"तुमी डाक्टर हा," सासू म्हणाली. "भटजी नाही."

तो परत गेला. शकुन चौकटीला धरून उभी होती. तिला कोणी काही विचारलं नाही. त्या पूर्ण घरात तिला कोणी कधी काही विचारत नव्हतं, आणि पोरीला तर नाहीच.

पौष म्हणजे पूर्ण महिना. तुमच्या-माझ्या आयुष्यात एक महिना म्हणजे काही नाही. दहा-अकरा महिन्यांच्या पोरीला तो केवढा असतो? त्या महिन्यात बेबीला खोकला झाला. रांगत होती, ते थांबलं. डॉक्टर रोज जायचे, ओट्यावर बसायचे, औषध द्यायचे, आणि घास द्यायचा सोडून बाकी सगळं करायचे. घास दिला असता आणि पोरीला काही झालं असतं तर दोष शकुनच्या माथी आला असता; हापशापाशी दिलेल्या सल्ल्यानं तसं एकदा होऊन गेलं होतं. मला ते तेव्हा भित्रे वाटले. मी तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "हो."

माघ लागला आणि मामा पुन्हा आला. खीर झाली. पाट मांडला. बेबीला त्याच्या मांडीवर दिलं. डॉक्टर दाराबाहेर उभे होते, चप्पल न काढता. उष्टावणाच्या घरात ते बाहेर उभे राहिलेले मी पहिल्यांदाच पाहत होते.

मामानं राखेनं हात घासून घासून धुतले होते. रीतीप्रमाणे खिरीत बोट बुडवून त्यानं तिच्या जिभेला लावलं. बेबी ओरडली. लाल झाली, श्वास अडकला. महिनोन्महिने मिरची खुडलेल्या बोटांतून तिखट असं धुण्यानं जात नाही. "अपशकुन!" सासू म्हणाली. मामा रडवेला होऊन आपल्या बोटांकडे बघत बसला. तेव्हा डॉक्टर चपलेसकट आत आले, पिशवीतला चमचा काढून त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "बोट ठेव बाजूले. चमच्यानं भरव गा, बापा. तूच भरव."

बेबीनं तोंड मिटून घेतलं. मग उघडलं. मग ती खातच राहिली. वाटी संपली तरी चमच्याकडे बघून तोंड उघडत होती. वस्तीतल्या बाया डोळे पुसायला लागल्या. डॉक्टरांनी शकुनला तिथंच बसवून जेवायला लावलं, ही रीत मात्र म्हातारीनं चालू दिली.

परत येताना मी खुशीत होते. डॉक्टर सायकल हातात धरून चालत होते. मी म्हटलं, "जमलं की!"

"खाईल आता," ते म्हणाले. "गाल भरतील." आणि सायकलवर बसून पुढे निघून गेले.

पावसाळ्याआधी शकुनला मुलगा झाला. त्याच्या उष्टावणाला सासूनं स्वतः भिवापूरला माणूस धाडला, सहावा लागायच्या आधी. मुलगा होता ना.

पुढं डॉक्टर गेले. व्हरांड्यात बसल्या बसल्या गेले, फार गाजावाजा झाला नाही. बंगला विकला गेला, आता तिथं मोठं हॉस्पिटल आहे आणि मोटारी ठेवायला जागा पुरत नाही. इंदूरहून त्यांची बहीण आली होती. कडं मी मागून घेतलं. ते वस्तीत अजून फिरतं, आता बायाच ते फिरवतात. हापशापाशी नाली बांधली गेली. आमच्या पत्रकांनी बांधली, असं मी म्हणते. निवडणुकीनं बांधली, असं वस्ती म्हणते.

गेल्या जूनमध्ये शकुन मला बोलवायला आली. बेबीला शाळेत घालायचं होतं. जन्माचा दाखला नव्हता, आणि शाळेत बोलायला सोबत कोणीतरी हवं होतं. आम्ही गेलो. बेबीच्या अंगात नवा फ्रॉक होता, गाल भरलेले, डॉक्टर म्हणाले होते तसे. धाकटा भाऊही मागे लागून आला होता. दोघं शेजारी उभे राहिले की अनोळखी माणूस जुळी म्हणे.

गुरुजी चांगले होते. मी भांडायच्या तयारीनं गेले होते, पण ते खरंच चांगले होते. दाखला नाही म्हटल्यावर हसून म्हणाले, "काही हरकत नाही. हात दाखव बेटा. डोक्यावरून घे. पलीकडचा कान धर."

बेबीनं उजवा हात डोक्यावरून नेला. बोटं कानाच्या वर थांबली. तिनं मान वाकडी केली. टाचा उचलल्या, जणू टाचा उचलून तिथं काही होणार होतं. बोटं तिथंच.

"अजून लहान आहे," गुरुजी म्हणाले. "पुढल्या साली आणा."

"सातवं लागून राहिलं जी तिले," शकुन म्हणाली.

"बाई, दाखला नाही ना. मग हातच पाहावा लागतो."

"माय! मले पाह्य! मले येते!" धाकटा ओरडला. त्यानं हात डोक्यावरून टाकून कानाची पाळी चिमटीत पकडली होती आणि आनंदानं उड्या मारत होता. शकुननं त्याच्या हातावर चापट मारून तो खाली ओढला. त्याला कळेना आपलं काय चुकलं.

गुरुजींनी पुढच्या पोराला हाक मारली. माझ्या पिशवीत नवी पत्रकं होती. शकुन वळली, धाकट्याला ओढत दोन पावलं गेली आणि थांबली.

बेबीनं हात अजून खाली घेतला नव्हता.